आग विझविणाऱ्याचा जीव : घटनास्थळीचा पहिला उपचार

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव तेथील चक्राकार बारवेमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र बारवेच्या पाण्याचा नसून आगीचा आहे. गावाभोवतीचा मुलूख काळ्या मातीचा, कापसाचा आणि ज्वारीचा. चैत्र-वैशाखात शेतातील कडबा गंज्यांच्या रूपाने गोठ्याशेजारी येऊन पडतो, घराघरांतून वेचणीचा उरलेला कापूस साठविलेला असतो आणि उन्हाचा पारा ४० अंशांच्या वर चढलेला असतो. अशा दिवसांत एखादी ठिणगी पडली की गंजी, गोठा आणि घर यांच्यामधील अंतर आग किती वेळात ओलांडील, हे केवळ वाऱ्यावर अवलंबून राहते. तालुक्याच्या गावाहून बंब निघून पोहोचेपर्यंत आगीशी झुंज देतात ते गावकरीच. बंब आल्यानंतर त्यांच्या जोडीला गणवेशातील जवान उभे राहतात.

आगीत सापडलेल्या माणसाची चिंता सर्वच करतात. परंतु आग विझविणारा स्वतःच कोसळला तर त्याच्यासाठी पहिल्या दहा मिनिटांत काय करावयाचे, याचा विचार आपल्या गावपातळीवरील आपत्तीविषयक आराखड्यांत क्वचितच आढळतो. रुग्णवाहिका येईपर्यंतची ही दहा-वीस मिनिटे कोणाच्याच हिशेबात नसतात. वास्तविक त्याच मिनिटांत माणूस वाचतो किंवा जातो. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्या हाती या मिनिटांपैकी बराच भाग असल्यामुळे हा विषय त्यांच्यासमोर ठेवणे उचित वाटते.

१४ एप्रिल आणि कापूस

देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शाळांमधून प्रात्यक्षिके होतात. परंतु या तारखेमागील घटना पुष्कळांना ठाऊक नसते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या मालवाहू जहाजाला आग लागली. या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठीही होत्या. दुपारी धूर दिसला, बंब आले, जवानांनी जहाजावर पाण्याचा मारा चालविला. परंतु कापसाच्या गाठींत शिरलेली आग बाहेरून ओतलेल्या पाण्याला सहजासहजी दाद देत नाही. ती आतल्या आत धुमसत राहते. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांतच पहिला महास्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या सुमारास दुसरा. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जण कामावर असताना मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मरण म्हणून हा दिवस पाळला जातो.

कापूस पिकविणाऱ्या मराठवाड्याने ही घटना मुंबईची म्हणून दूर ठेवू नये. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात लागलेली आग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना गाठींचे धुमसणे कसे असते हे सांगावे लागत नाही. ज्वाळा दिसेनाशा होतात, माणसे निर्धास्त होऊन गाठी उपसू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी विषारी धूर सर्वांत अधिक पोटात जात असतो.

कोसळण्याची कारणे

सामान्य समजूत अशी की आग विझविणारा दगावतो तो भाजून. प्रत्यक्षात चित्र निराळे आहे. अमेरिकेत अग्निशमन जवानांच्या कर्तव्यावरील मृत्यूंचा दीर्घकाळ अभ्यास झालेला आहे. तेथे अनेक वर्षे सर्वांत मोठे कारण अकस्मात हृदयक्रिया बंद पडणे हेच आढळले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार हृदयविकाराने झालेल्या अशा मृत्यूंपैकी जवळजवळ एक-तृतीयांश प्रत्यक्ष आग विझवीत असताना घडले होते. जवानाच्या वर्षभराच्या कामाच्या वेळेत आग विझविण्यात जाणारा वेळ मात्र शेकडा १ ते ५ इतकाच असतो. झोपेतून वा विसाव्यातून एकदम धावपळ, अंगावर जड पोशाख, प्रचंड उष्णता, घामावाटे जाणारे पाणी आणि त्यात धूर. चाळिशी उलटलेल्या, रक्तदाब न तपासलेल्या माणसाच्या हृदयावर हा भार एकाच वेळी पडतो. गणवेश नसलेल्या गावकऱ्यालाही हेच लागू आहे. विहिरीवरून घागरी आणून गंजीवर ओतणारा पन्नाशीचा शेतकरी छातीवर हात ठेवून खाली बसला तर ‘दमला आहे, बसू द्या’ असे म्हणून चालणार नाही.

दुसरे कारण धूर, तिसरे उष्माघात, चौथे विजेचा धक्का, आणि पाचवे कोसळणारी भिंत वा छप्पर. भाजणे यांत मिसळलेले असते. परंतु त्याचा घाला बहुधा काही दिवसांनंतर पडतो. त्याविषयी पुढे येईलच.

हृदयक्रिया बंद पडल्यास

हृदय थांबल्यानंतर मेंदूला रक्त न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत त्याची कायमची हानी सुरू होते. छातीदाब न दिल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटास शेकडा ७ ते १० इतकी घटत जाते. वालूरसारख्या गावी रुग्णवाहिका कितीही तत्परतेने निघाली तरी ती या हिशेबात बसणारी नाही. म्हणून जो शेजारी उभा आहे त्यानेच प्रारंभ केला पाहिजे.

‘सीपीआर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्रियेचा इतिहास विषयाशी जवळचा आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवन हे विद्युत अभियंते विजेच्या तारांवर काम करणाऱ्या कामगारांच्या मृत्यूंमुळे या संशोधनाकडे वळले होते. प्रयोगातील कुत्र्याच्या छातीवर विद्युत उपकरण दाबून धरताच त्याचा रक्तदाब किंचित वाढतो, हे त्यांचे सहकारी निकरबॉकर यांच्या ध्यानी आले. त्यातून, आणि शल्यचिकित्सक ज्यूड यांच्या साहाय्याने, बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत १९६० साली प्रसिद्ध झाली. ती प्रारंभीच शिकलेल्यांमध्ये बाल्टिमोरच्या अग्निशमन दलाच्या रुग्णवाहिकेवरील जवान होते. वैद्यकीय पदवी नसलेली माणसे ही क्रिया उत्तम करू शकतात, याचा पडताळा असा पहिल्याच वर्षांत आला.

कृती अशी. प्रथम जखमीला ज्वाळा, धूर आणि कोसळू शकणारी भिंत यांपासून दूर न्यावे. जळत्या छपराखाली छाती दाबीत बसणे म्हणजे एका जखमीचे दोन करणे होय. खांदे थोपटून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल आणि श्वास चालत नसेल, तर हृदय थांबले आहे असे समजावे. येथे एक धोका सांगितला पाहिजे. हृदय थांबल्यानंतरही काही वेळ माणूस मधूनमधून आचके दिल्यासारखा तोंड उघडून श्वास ओढतो. बघ्यांना वाटते की श्वास चालू आहे, आणि मोलाची मिनिटे निघून जातात. आचके म्हणजे श्वास नव्हे.

एकाने तत्काळ १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि दुसऱ्याने छातीदाब सुरू करावा. जखमीला कठीण, सपाट जमिनीवर उताणे निजवावे. बाजेवर किंवा गादीवर केलेला छातीदाब वाया जातो. तळहाताचा मनगटाजवळील भाग उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, मध्यभागी ठेवावा, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ आणि खांदे सरळ वर. छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतका दाब, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. हे वर येणे दाबण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण त्याच क्षणी हृदय पुन्हा भरते. नवशिक्यांकडून होणाऱ्या दोन चुका ठरलेल्या असतात : एक, बरगडी मोडेल या भीतीने हलके दाबणे, आणि दुसरी, मध्येच थांबून ‘काही फरक पडला का’ हे पाहणे. बरगडी मोडली तर सांधते.

श्वास देण्याचे शिक्षण घेतलेल्याने ३० दाबांनंतर २ श्वास हे प्रमाण ठेवावे. धुराने गुदमरलेल्या माणसाच्या बाबतीत या श्वासांचे मोल अधिक आहे, कारण त्याचे रक्तच प्राणवायूला पारखे झालेले असते. ज्याने हे शिक्षण घेतलेले नाही त्याने केवळ छातीदाब अखंड चालू ठेवावा. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सर्वसामान्य नागरिकांसाठी जी पद्धत पुरस्कारिली, तीही केवळ छातीदाबाचीच आहे. दाब देणारा दोन मिनिटांत थकतो, मग त्याला ते जाणवो वा न जाणवो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. वैशाखाच्या उन्हात यासाठी किमान चौघांची रांग हवी.

स्वयंचलित विद्युतधक्का यंत्र उपलब्ध असल्यास ते लगेच आणावे. यंत्र स्वतःच सूचना देते आणि गरज नसल्यास धक्का देत नाही. घामाने व पाण्याने भिजलेली छाती मात्र कोरडी पुसल्यावाचून त्याच्या पट्ट्या चिकटत नाहीत, हे आगीच्या जागी नेमके विसरले जाते.

पोशाखाचा अडथळा

गणवेशातील जवान कोसळला तर एक निराळीच अडचण उभी राहते. त्याच्या अंगावर जाड कोट, डोक्यावर शिरस्त्राण, आणि जेथे श्वसनसंच पुरविलेला आहे तेथे पाठीवर हवेचे नळकांडे असते. नळकांड्यावर उताणा पडलेला देह जमिनीला टेकत नाही. त्या स्थितीत छातीचा दाब हृदयापर्यंत नीट पोहोचत नाही. एकेक बंद सोडवीत बसावे तर दोन-तीन मिनिटे जातात.

यावर अमेरिकेतील काही दलांनी सराव करून बसविलेली रीत अनुकरणीय आहे. एक जवान डोक्याशी गुडघे टेकून शिरस्त्राण व मुखवटा काढतो. दुसरा कोटाची पुढील बाजू उघडून लगेच छातीदाब सुरू करतो. नळकांडे खाली असले तरी वाट पाहत नाही. त्याच वेळी तिसरा कमरेचा पट्टा सोडून खांद्यांचे पट्टे सैल करतो. मग डोक्याशी असलेला जवान कोटाची कॉलर आणि संचाचे पट्टे एकत्र घट्ट धरून ठेवतो आणि इतर दोघे जखमीला पायांच्या दिशेने खेचतात. हात डोक्यावरून निघतात, कोट व संच मागे राहतात, आणि देह सपाट जमिनीवर येतो. छातीदाबात खंड पडतो तो काही सेकंदांचाच. ही क्रिया कागदावर वाचून येत नाही. बंब धुण्याच्या दिवशी अर्धा तास सराव केला तर चौघांच्या पथकाला ती साधते. त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वा खर्चाची आवश्यकता नाही.

धूर

धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील तांबड्या पेशींना प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, असंबद्ध बोलणे, चालताना झोकांडी जाणे ही याची लक्षणे. आग विझवून आलेला तरुण चिडचिड करू लागला किंवा गुंगीत बसून राहिला तर त्याला पाणी मारून पुन्हा कामास लावण्याचा प्रकार घातक आहे.

आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. बोटाला लावून प्राणवायूचे प्रमाण दाखविणारे जे छोटे यंत्र कोविडच्या काळात घराघरांत पोहोचले, ते या विषबाधेत फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेली पेशी आणि प्राणवायू वाहणारी पेशी यांतील फरक त्याला कळत नाही. आकडा ९८ दिसतो आणि माणूस मरणाच्या दारी असतो. म्हणून आकड्यावर नव्हे, लक्षणांवर विश्वास ठेवून मुखवट्याने पूर्ण मात्रेत प्राणवायू द्यावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर ते काम साधारण एक-दीड तासात होते.

गाद्यांतील फोम, नायलॉन, लोकर हे पदार्थ जळताना हायड्रोजन सायनाइडही निर्माण होते. त्याचा उतारा मोठ्या रुग्णालयातच मिळावयाचा, तेव्हा ‘बंद खोलीत गाद्या जळत होत्या’ हे वाक्य रुग्णालयापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. आपल्याकडे आणखी एक भर असते. शेतकऱ्याच्या घरात वा आखाड्यावर कीटकनाशकाचे डबे ठेवलेले असतात. आग कोठे लागली आणि तेथे काय साठविलेले होते, ही माहिती घरमालकाकडून पहिल्या मिनिटातच बंबावरील जवानांना मिळावी.

आवाज घोगरा होणे, नाकातील केस जळालेले दिसणे, थुंकीत काजळी येणे, ही श्वासनलिका आतून भाजल्याची खूण आहे. असा माणूस चालत-बोलत असतो. तासाभरात सूज चढून त्याचा श्वास कोंडतो. त्याला घरी पाठवू नये.

उष्माघात आणि वीज

शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले आणि त्याबरोबर भ्रम, झटके वा बेशुद्धी आली तर तो उष्माघात. येथे नियम असा की आधी थंड करा, मग हलवा. पोशाख उतरवावा, अंगावर सतत पाणी ओतावे, ओली चादर टाकून वारा घालावा. हौद किंवा मोठे टिपाड जवळ असेल तर मान धरून पाण्यात बसविणे सर्वांत उत्तम. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते फुप्फुसात जाते.

घराला आग लागलेली असताना डीपीवरून वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाण्याचा मारा करू नये, ही सूचना सर्वांना तोंडपाठ असते आणि घाईत कोणी पाळीत नाही. धक्का लागलेल्या माणसाला पुरवठा खंडित होण्यापूर्वी स्पर्श करू नये. खंडित झाल्यावर मात्र क्षणाचाही विलंब न लावता छातीदाब द्यावा. विजेच्या धक्क्याने थांबलेले तरुण हृदय पुन्हा सुरू होण्याची शक्यता चांगली असते.

भाजणे

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवी येथील ‘गोकुळ निवास’ या इमारतीची आग विझविताना इमारतीचा भाग कोसळला. अधिकारी संजय राणे व महेंद्र देसाई यांना तेथेच मृत्यू आला. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपमुख्य अधिकारी सुधीर अमीन हे गंभीर भाजले होते. उपचार चालू असताना त्याच महिन्यात दोघांचेही निधन झाले. एका आगीत दलाचे नेतृत्वच हरपले. मोठे भाजणे दिवसांनंतर घाला घालते ते असे, आणि जंतुसंसर्ग, रक्तातील द्रव कमी होणे व फुप्फुसांची इजा ही त्याची शस्त्रे असतात. म्हणूनच पहिल्या अर्ध्या तासात चुकीचे काही न करणे यालाही उपचाराचेच मोल आहे.

भाजलेला भाग स्वच्छ वाहत्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. बर्फ लावू नये. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप, चुना यांपैकी काहीही लावू नये. रुग्णालयात हे सारे खरवडून काढावे लागते आणि जंतू मात्र राहतात. अंगठ्या, कडे, घड्याळ, करगोटा सूज येण्यापूर्वी काढावेत. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये, त्याच्या भोवतीचे कापून टाकावे. नंतर धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकावे. भाजलेल्याच्या पंजाएवढी जागा म्हणजे शरीराचा साधारण शेकडा एक भाग, या मापाने किती भाजले ते मोजता येते. फार मोठा भाग भाजलेल्याला पाण्याने गारठू देऊ नये.

गावात काय ठेवावे

राज्यात १०८ क्रमांकाची सेवा जानेवारी २०१४ पासून ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. तिला गावाचे नाव सांगून भागत नाही. कोणत्या रस्त्याने यावे आणि वळणावर कोण उभा असेल, हेही सांगावे लागते. आगीच्या वेळी सारे गाव आगीकडे धावते आणि रस्ता बैलगाड्या, दुचाक्या व बघ्यांनी भरून जातो. एका पंचायत सदस्याकडे केवळ रस्ता मोकळा ठेवण्याचे काम सोपवावे. हे काम दिसत नाही, म्हणून ते कोणी पत्करीत नाही.

आगीपासून वाऱ्याच्या उलट दिशेला, सावलीत, एक जागा विसाव्यासाठी ठरवावी. आग विझविणाऱ्या प्रत्येकाने आळीपाळीने तेथे यावे, पोशाख सैल करावा, पाणी प्यावे. आशा कार्यकर्तीने वा आरोग्यसेविकेने त्याची नाडी पाहावी. विसाव्यानंतरही नाडी जलद राहिली, छातीत दुखले किंवा बोलणे असंबद्ध वाटले तर त्याला पुन्हा आगीकडे सोडू नये. तो नाही म्हणेल. आग समोर असताना स्वखुशीने बसून राहणारा माणूस विरळा, म्हणून हा निर्णय त्याचा नसून विसाव्याच्या जागेवर बसलेल्याचा असला पाहिजे आणि सरपंचांनी तो आधीच तसा जाहीर केलेला असावा.

छातीदाबाचा सराव शाळेत होऊ शकतो. कापूस दाबून भरलेले घट्ट पोते जमिनीवर ठेवून नववी-दहावीची मुले तो सहज शिकतात. लेझीमचा ताल बसविणाऱ्या शिक्षकाला मिनिटाला ११० ची लय समजावून सांगावी लागणार नाही. पुढील शिक्षणासाठी सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचे प्रथमोपचार वर्ग आहेत. नागपूर येथील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण होते. तेथून शिकून आलेल्या अधिकाऱ्याला अग्निशमन सप्ताहात गावी बोलवावे आणि त्या दिवशी भाषणांऐवजी पोत्यावरचा सरावच घ्यावा.

जखमीबरोबर एक चिठ्ठी जावी. तिच्यावर किती वाजता कोसळला, छातीदाब केव्हा सुरू झाला, किती वेळ धुरात होता, तेथे काय जळत होते आणि पूर्वीचा कोणता आजार आहे, एवढे लिहिलेले असावे. आग विझल्यावर घरी परतलेल्यांकडे दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्यसेविकेने एकदा जाऊन यावे. धुराचा दम रात्रीतूनही लागतो, आणि पहाटे छातीत दुखू लागलेला माणूस ते काल गाठी उपसल्यामुळेच असेल असे समजून अंथरुणातच पडून राहतो.